बर्ड फ्लूचे गावाला सांगायला आम्हाला पाठवता, तर आधी आम्हाला नीट शिकवा

प्रति,
पशुसंवर्धन आणि आरोग्य या दोन्ही खात्यांत गावपातळीवरील प्रशिक्षणाचा आराखडा ठरवणारे सर्व अधिकारी

महोदय, महोदया,

यंदाच्या प्रशिक्षणाच्या वेळापत्रकात आमच्याकडे बर्ड फ्लूसाठी एक तास ठेवला आहे, तोही ऑनलाइन. आशा, अंगणवाडी सेविका आणि पशुसखी (गावात जनावरे-कोंबड्यांची काळजी कशी घ्यायची ते सांगणाऱ्या बायका) यांनी आपापल्या घरून मोबाइलवर ऐकायचे, शेवटी हजेरी नोंदवायची आणि हिवाळ्यात वेळ आली की गावात जाऊन लोकांना समजावायचे. हा निर्णय मला मान्य नाही. मी एका आदिवासी तालुक्यात आशांची गटप्रवर्तक आहे. तालुक्याचे नाव लिहीत नाही, कारण माझी तक्रार कुणा एका अधिकाऱ्याविरुद्ध नाही. शेजारच्या तालुक्यांतल्या बायकाही हेच सांगतात. पत्र खुले लिहिते आहे, कारण ज्या गावकऱ्यांच्या दारात आम्हाला उभे राहायचे आहे त्यांनाही ते वाचता यावे.

बर्ड फ्लू आपल्या राज्याला नवा नाही. देशात बर्ड फ्लूचा एच५एन१ हा विषाणू पहिल्यांदा सापडला तो आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातील नवापुरात, फेब्रुवारी २००६ मध्ये. त्यानंतर काही आठवड्यांतच जळगाव जिल्ह्यात परसातल्या कोंबड्यांमध्ये तो निघाला. जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंब्यात शेकडो कोंबड्या दगावल्या आणि त्याच हंगामात नवापूरच्या पोल्ट्र्या पुन्हा रिकाम्या कराव्या लागल्या. जानेवारी २०२५ मध्ये उदगिरात कावळे मरून पडले, उरणजवळ चिरनेरमध्ये कोंबड्या मेल्या, आणि त्याआधीच्या डिसेंबरात नागपूरच्या गोरेवाडा प्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या याच विषाणूने गेल्याचे समोर आले. आमच्या हातात आजही जे पत्रक येते त्यात कावळ्यांचा उल्लेख नाही, मांजरांचा नाही, कुत्र्यांचा नाही. मेलेली कोंबडी घरामागे फेकली की ती कोण खाते, हे गावात लहान मुलालाही ठाऊक असते. नागपूरला लागून असलेल्या छिंदवाड्यात २०२५ च्या सुरुवातीला पाळीव मांजरांमध्ये हा विषाणू सापडला. पत्रक मात्र तेच राहिले.

माणसांचेही सांगते. महाराष्ट्रातल्या मेळघाटात २०१९ मध्ये सतरा महिन्यांच्या एका मुलाला एच९एन२ या बर्ड फ्लूच्याच दुसऱ्या प्रकाराची लागण झाल्याचे आढळले. देशात माणसातली ही त्या प्रकाराची पहिली नोंद. एच५एन१ ने २०२१ मध्ये हरियाणातला अकरा वर्षांचा मुलगा दिल्लीत दगावला. मार्च २०२५ मध्ये आंध्र प्रदेशातली दोन वर्षांची मुलगी गेली, तिने कच्च्या चिकनचा तुकडा खाल्ला होता असे समोर आले. तिन्ही लहान मुले आहेत. माणसाला हा रोग क्वचितच होतो हे खरे, आणि ते आम्ही लोकांना सांगतोही. पण २००३ पासून जगभरात एच५एन१ झालेल्या ज्या नऊशेहून अधिक माणसांची नोंद आहे, त्यांतली जवळपास निम्मी वाचली नाहीत. कोंबडीची पिल्ले ओटीत घेऊन बसणारी पोरे माझ्या कामाच्या प्रत्येक पाड्यावर आहेत. रात्री कोल्ह्या-मांजराच्या भीतीने कोंबड्या डालग्याखाली झाकून घरातच ठेवतात, त्याच खोलीत माणसे झोपतात. अशा घरात ‘पक्ष्यांपासून अंतर ठेवा’ एवढे सांगून निघून येता येत नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागात एका पोल्ट्रीत बर्ड फ्लू निघाला. पोल्ट्रीपासून एक किलोमीटरच्या आतले सगळे पक्षी मारायचे असतात, आणि त्या एक किलोमीटरमध्ये आमचे दोन पाडे आले. कोंबड्यांची यादी करायला आणि लोकांची समजूत घालायला आशांना पाठवले गेले. आदल्या दिवशी फोनवर निरोप आला होता, तेवढीच आमची तयारी. भरपाई किती मिळणार, कधी मिळणार, कुणाच्या नावावर मिळणार, यातले काहीही आम्हाला सांगितले नव्हते. पाड्यावर पोचलो तोवर निम्मी खुराडी रिकामी होती. बायकांनी रातोरात कोंबड्या टोपल्यांत भरून माहेरी पोचवल्या होत्या, काहींनी पहाटेच बाजाराच्या जीपमध्ये चढवल्या होत्या. म्हणजे जो रोग एका किलोमीटरात अडवायचा, तोच आजूबाजूच्या चार गावांत जायची वाट मोकळी झाली. त्या बायकांना मी दोष देत नाही. गावठी कोंबडी बाजारात चारशे-पाचशेला जाते. अंड्यांचे आणि कोंबडीचे पैसे हेच घरातले एकमेव पैसे असतात जे बाईच्या हातात राहतात. मीठ-मिरची, पोराची वही, दवाखान्याला जायचे गाडीभाडे त्यातून निघते.

एका म्हाताऱ्या आजीने मला दारात उभी करून विचारले, “बाई, लस द्यायला आलीस तेव्हा मी नातवाला स्वतः तुझ्यापुढं धरला. आज कोंबड्या मोजून घेऊन चाललीस. उद्या कशाला येशील?” त्यानंतर बरेच महिने त्या पाड्यावर लसीकरणाच्या दिवशी बायका येईनाशा झाल्या. गरोदर बाईची नोंद करायला गेलेल्या आशेला घरात कुणी नाही असे आतूनच सांगितले जाई. हा विश्वास पुन्हा मिळवायला आमच्या आशांना जे कष्ट पडले ते कुठल्याही अहवालात आलेले नाहीत. बर्ड फ्लूच्या प्रशिक्षणाचा विषय माझ्यासाठी कोंबड्यांपुरता नाही तो यामुळे.

आता तक्रारी मांडते.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार ही की आम्हाला रोगाची माहिती देतात, पण ती माहिती सांगायची कशी हे कुणी शिकवत नाही. आजवरच्या सत्रांत पडद्यावर विषाणूचे चित्र येते, त्याचे प्रकार, त्याचा इतिहास, स्थलांतरित पक्ष्यांचे मार्ग. हे सगळे चांगले आहे. पण दारात उभी राहिल्यावर बाई मला विषाणूचा प्रकार विचारत नाही. ती विचारते: माझी कोंबडी तर ठणठणीत आहे, मग ती का मारता? कालच कापून खाल्ली, आता पोरांना काही होईल का? दुकानातले चिकन खायचे की नाही? मेलेली कोंबडी नदीत टाकली तर काय बिघडते, आजवर टाकतच आलो. दरवर्षी मर येते, कोंबड्या माना टाकतात, त्याला राणीखेत म्हणता, आता यालाच बर्ड फ्लू का म्हणता? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर तर मोठ्या जाणकारालाही नुसत्या डोळ्यांनी पाहून देता येत नाही. दोन्ही रोगांत पक्षी अचानक मरतात, दोन्हींत हगवण लागते, धाप लागते. तुरा निळा पडणे, डोके सुजणे, पायांवर रक्ताचे डाग येणे अशी लक्षणे सांगता येतात, पण खात्री प्रयोगशाळेतच होते. २००६ मध्ये नवापुरातही आधी राणीखेतच समजले गेले होते. म्हणून आमच्या बायकांना एवढे एकच वाक्य ठामपणे आणि न घाबरवता सांगता आले पाहिजे, की मर कसलीही असो, दोन-तीन कोंबड्या एकदम गेल्या की कापू नका, फेकू नका, आधी कळवा. हे वाक्य सोपे आहे, ते समोरच्याला पटवणे अवघड आहे, कारण आमच्याकडे शतकांची रीत अशी की कोंबडी मलूल दिसली की मरायच्या आत सुरी फिरवायची. मटण महाग आहे. घरात दोन घास जास्तीचे होतात. ही रीत मोडायला सांगणाऱ्या बाईला आधी सराव हवा, चार जणींसमोर बोलून पाहायला हवे, तिला उलट प्रश्न विचारणारे कुणी हवे.

२००६ मध्येच जागतिक आरोग्य संघटना, अन्न व कृषी संघटना आणि युनिसेफ यांनी एकत्र बसून गावपातळीवर सांगायच्या गोष्टी चारवर आणल्या होत्या: कळवा, वेगळे ठेवा, हात धुवा, नीट शिजवा. चारच गोष्टी. त्या आमच्यापर्यंत जड वाक्यांच्या बारा मुद्द्यांच्या यादीतून पोचल्या, आणि ती यादी कुणी पाठ केली तरी मावची किंवा पावरी बोलणाऱ्या घरात तिचा काही उपयोग होत नाही.

दुसरी तक्रार भरपाईविषयी आहे. २०२१ च्या साथीत जे दर जाहीर झाले होते त्यांत अंडी देणाऱ्या मोठ्या कोंबडीला ९० रुपये, मांसाच्या मोठ्या पक्ष्याला ७०, लहान पिलाला २० आणि अंड्याला ३ रुपये होते. शासनाने मारलेल्या पक्ष्याचे पैसे मिळतात, आधीच मेलेल्याचे मिळत नाहीत. या नियमामागचा हेतू मला समजतो. लवकर कळवले तर पैसे जास्त मिळतात, लपवले तर हातात काहीच येत नाही. लोकांना सांगण्यासारखे याहून मजबूत कारण दुसरे नाही. आणि नेमके हेच आमच्या प्रशिक्षणात कधी आलेले नाही! उलट भरपाईचा विषय काढू नका, आश्वासने देऊ नका, असे आम्हाला बजावले जाते. चारशेच्या कोंबडीला नव्वद रुपये हा दर कमीच होता आणि दर वाढला पाहिजे, हे मी इथे स्पष्ट लिहिते. पण जो काही दर आज लागू आहे तो आम्हाला माहीत असू द्या. पैशांबद्दल गप्प राहणाऱ्या बाईच्या बाकीच्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवील? पश्चिम बंगालमध्ये २००८ च्या साथीत लाखो कोंबड्या माराव्या लागल्या, तेव्हाही परसात कोंबड्या पाळणाऱ्यांचा विरोध मोठा होता, आणि भरपाईवरचा अविश्वास त्याच्या मुळाशी होता.

तिसरी तक्रार मधल्या दिवसांची. कोंबड्या मेल्या, नमुने पुण्याला गेले, तिथून भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत गेले. उत्तर येईपर्यंत काही दिवस जातात. अफवा पिकतात त्या याच दिवसांत. कुणी म्हणते सगळ्या गावाला टाळे लागणार, कुणी म्हणते पोल्ट्रीवाल्या कंपन्यांनी गावठी कोंबडी संपवायला हा रोग काढला. आम्हाला मात्र तोवर काही बोलू नका असा आदेश असतो. ‘नमुने पाठवले आहेत, उत्तर आलेले नाही, तोवर कोंबड्या बाहेर सोडू नका, बाजारात नेऊ नका’ एवढे सांगायला काय हरकत आहे? २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये चिकनने करोना होतो ही अफवा पसरली तेव्हा राज्यभरच्या पोल्ट्रीवाल्यांनी कोंबड्या फुकट वाटल्या, काहींनी जिवंत पुरल्या. खरे काय ते गावात सांगायला कुणी नव्हते. तेव्हा कर्जबाजारी झालेली घरे अजून सावरत आहेत.

चौथी, दोन खात्यांची. पशुसखीला पशुसंवर्धनवाले बोलावतात, आशेला आरोग्यवाले. दोघींना वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळे सांगितले जाते, आणि गावात दोघी एकाच ओट्यावर बसतात. पक्षी मेल्याची खबर पशुसखीला आधी लागते, त्या घरातल्या पोराला ताप आल्याचे आशेला आधी कळते. या दोन बातम्या एकत्र आल्या तरच तो ताप वेळेत ओळखला जाईल. ऑसेल्टामिविर हे फ्लूवरचे औषध पहिल्या दोन दिवसांत सुरू झाले तर त्याचा सगळ्यात जास्त उपयोग होतो, हे मला एका डॉक्टरांनी सांगितले, प्रशिक्षणात नाही. आजारी पक्ष्यांच्या संपर्कातल्या माणसांवर दहा दिवस लक्ष ठेवायचे असते, हेही तसेच.

आणि पाचवी, आमच्या स्वतःच्या जिवाची. मेलेल्या पक्ष्यांच्या घरी जाताना आशेला मास्क नाही, हातमोजे नाहीत. पक्षी मारणाऱ्या पथकाला सगळा पोशाख मिळतो, आणि मिळालाच पाहिजे. त्यांच्या दोन पावले पुढे चालून घर दाखवणारी बाई साडीच्या पदराने नाक झाकते. राज्यात सुमारे सत्तर हजार आशा आहेत. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या आशांचा गौरव केला तेव्हा आम्हाला आनंद झाला होता. हातमोज्यांची एक जोडी मिळाली तर त्याहून जास्त होईल.

कुणी म्हणेल, परसातल्या चार कोंबड्यांसाठी एवढा खटाटोप कशाला. २०१९ च्या पशुगणनेत देशातल्या पंच्याऐंशी कोटी पक्ष्यांपैकी सुमारे बत्तीस कोटी परसातले होते. मोठ्या पोल्ट्रीला कुंपण असते, डॉक्टर असतो, नोंदवही असते. बत्तीस कोटींच्या मागे फक्त घरातली बाई असते. कंबोडियात २०२३ पासून माणसांना एच५एन१ पुन्हा होऊ लागला, तिथेही बहुतेक रुग्णांच्या घरी किंवा शेजारी आजारी-मेलेल्या कोंबड्या होत्या आणि काहींनी त्या शिजवल्याही होत्या. आपली घरे त्यांच्यासारखीच आहेत.

आमच्या मागण्या अशा:

ऑनलाइन तास रद्द करा. दरवर्षी दिवाळीच्या आधी दोन दिवसांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण घ्या, कारण रोग बहुतेक वेळा थंडीतच येतो. आशा, अंगणवाडी सेविका, पशुसखी, पशुधन पर्यवेक्षक आणि पोलीस पाटील यांना एकत्र बसवा. आठवडे बाजारात जिवंत कोंबड्या विकणाऱ्यांनाही बोलवा. त्यांना आजवर कुणीही काहीही सांगितलेले नाही, आणि पक्षी सगळ्यात जास्त त्यांच्याच हातून एका गावातून दुसऱ्या गावात जातात.

दोनपैकी एक पूर्ण दिवस बोलण्याच्या सरावाला द्या. एकीने घरची बाई व्हायचे, दुसरीने आशा. राग, रडणे, भांडण, सगळे तिथेच होऊ द्या. सराव मराठीत न घेता ज्या बोलीत गावात बोलायचे त्या बोलीत घ्या. पत्रक छापण्याआधी आमच्यातल्या चार-पाच जणींना वाचायला द्या.

भरपाईचे चालू दर, कागदपत्रे, पैसे किती दिवसांत जमा होतील आणि झाले नाहीत तर कुणाकडे जायचे, हे एका पानावर, सहीशिक्क्यानिशी आमच्या हातात द्या. ते पान हातात आल्याशिवाय आम्हाला यादी करायला पाठवू नका. गावठी कोंबडीचा दर बाजारभावाच्या जवळ न्या, आणि पैसे कोंबडी सांभाळणाऱ्या बाईच्या खात्यावर टाका. आज ते घरातल्या पुरुषाच्या खात्यावर जातात आणि बाईला त्यातले काही दिसत नाही.

जनावरांच्या डॉक्टरांसाठीच्या १९६२ या क्रमांकावर फोन लागला तरी पाड्यावर माणूस कधी येणार हे कळत नाही. कळवल्यापासून दुसऱ्या दिवसाच्या आत कुणीतरी पोचेल अशी व्यवस्था लावा, आणि नमुने गेल्यापासून उत्तर येईपर्यंत आम्ही गावात काय सांगायचे ते आधीच ठरवून द्या. पक्ष्यांमधील संसर्गजन्य रोग कळवणे २००९ च्या कायद्याने बंधनकारक आहे हे लोकांना आम्ही सांगू. पण कळवल्यावर कुणी आलेच नाही तर पुढच्या वेळी कायद्याचे नाव घ्यायला आम्हाला तोंड राहणार नाही.

साथीच्या कामावर जाणाऱ्या प्रत्येकीला मास्क, हातमोजे, साबण आणि दहा दिवसांची तपासणी. त्या दिवसांचा मोबदला वेगळा. आशेला बऱ्याच कामांचे पैसे कामाप्रमाणे मिळतात; कोंबड्यांच्या यादीत गेलेला दिवस तिच्या बाकीच्या कामातून कापला जातो.

शेवटची मागणी साथ संपल्यानंतरची. पक्षी मारून झाले, चुना टाकून खड्डे बुजवले, पथक गेले. त्यानंतर साधारण तीन महिने देखरेख चालते आणि नवी पिल्ले आणता येत नाहीत. या तीन महिन्यांत पाड्यावर कुणीही फिरकत नाही. त्या काळात आम्हाला पाठवा, पण काहीतरी सांगायला पाठवा: पिल्ले कधी आणता येतील, शासनाकडून कुठे मिळतील, राणीखेतची लस केव्हा टोचून घ्यायची. मारायच्या दिवशी दारात आलेली बाई पिल्ले आणायच्या दिवशीही आली, तर पुढच्या खेपेला तिच्यासाठी दार उघडेल.

या मागण्यांचे उत्तर माझ्या नावाने पाठवू नका. दिवाळीच्या आधी, लेखी, तालुक्यातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या नावाने पाठवा. ग्रामसभेत ते वाचून दाखवण्याची जबाबदारी आम्ही आशा घेतो, आणि ज्यांना मराठी समजत नाही त्यांना त्यांच्या बोलीत समजावून सांगण्याचीही.

आपली,
एक गटप्रवर्तक